यंत्र आधी आले, गुरुजी नंतर : शाळकरी मुलांच्या प्रोग्रामिंग-शिक्षणाची साठ वर्षे

१/
आठवी-नववीतल्या मुलाला प्रोग्रामिंग शिकवील असे कोणी जवळपास आहे का, हा प्रश्न आज तालुक्याच्या गावातले पालक शाळेत, शेजारी आणि ओळखीच्या इंजिनिअरकडे विचारत असतात. प्रश्न नव्या जमान्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो सुमारे साठ वर्षे जुना आहे आणि अमेरिका, ब्रिटन व भारत या तिन्ही देशांत तो एकाच क्रमाने उभा राहिला : यंत्र आधी आले आणि ते शिकवणाऱ्या माणसाचा शोध मागाहून सुरू झाला. त्या शोधाचा हा थ्रेड.

२/
आरंभ १ मे १९६४ च्या पहाटे, अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणित-प्राध्यापकांनी तयार केलेली ‘बेसिक’ ही संगणकभाषा त्या पहाटे प्रथम चालली. तोवर संगणक हे तज्ज्ञांचे राखीव क्षेत्र होते. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही प्रोग्राम लिहिता यावा, असा या दोघांचा आग्रह होता. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय त्यांनी केली होती आणि त्या यंत्रणेचे बरेचसे काम पदवीच्या विद्यार्थ्यांनीच केले होते.

३/
काही वर्षांतच न्यू इंग्लंडमधील शाळा टेलिफोनच्या तारेने डार्टमथच्या संगणकाला जोडल्या गेल्या. शाळेत संगणक नसे. टंकयंत्रासारखे दिसणारे एक ‘टेलिटाइप’ असे. मुलाने त्यावर आज्ञा टंकायची, ती तारेने दूरच्या संगणकाकडे जायची आणि उत्तर कागदावर उमटायचे. यंत्राची अडचण अशी सुटली. पण उत्तर चुकीचे आले, तर मुलाने कोणाकडे पाहायचे? शिक्षकही त्या यंत्राला त्याच दिवशी प्रथम पाहत होते.

४/
या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर सिएटलच्या लेकसाइड शाळेत सापडते. १९६८ मध्ये शाळेच्या माता-मंडळाने जुन्या वस्तूंची विक्री करून पैसा उभा केला आणि त्यातून एक टेलिटाइप व संगणकाचा वेळ मिळाला. बिल गेट्स तेव्हा आठवीत होता. पॉल ॲलन त्याच्याहून दोन इयत्ता पुढे. काही आठवड्यांतच ही मुले शिक्षकांच्या पुढे गेली. शाळेने त्यांना अडवले नाही, हेच तिचे मोठे योगदान.

५/
पण ‘मुले स्वतःच शिकली’ असे म्हणून ही कथा संपत नाही. सिएटलमध्ये तेव्हा एक संगणक-कंपनी सुरू झाली होती. आमच्या यंत्रणेतले दोष शोधा आणि संगणक फुकट वापरा, असा सौदा तिने या मुलांशी केला. तिथे स्टीव्ह रसेल नावाचा प्रोग्रामर होता. १९६२ च्या ‘स्पेसवॉर!’ या आरंभीच्या संगणक-खेळाचा मुख्य कर्ता. तो मुलांच्या शंका ऐके, त्यांना यंत्राच्या माहिती-पुस्तिका वाचायला देई. शाळेपासून जाण्या-येण्याच्या अंतरावर एक जाणता माणूस होता. गेट्सच्या चरित्रात ही बाब एखाद्या परिच्छेदात आटोपते. प्रोग्रामिंग-शिक्षणाच्या इतिहासात तिला फार महत्त्व आहे.

६/
त्याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वेगळा विचार चालू होता. १९६७ मध्ये वॉली फोर्झाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी खास मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पुढे तिच्यात आले ते ‘कासव’ : मुलाने आज्ञा द्यायची, कासवाने चालायचे आणि त्याच्या मागे रेघ उमटायची. पॅपर्ट जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. ऐकून मिळवलेल्या ज्ञानापेक्षा हाताने घडवलेले ज्ञान मुलाच्या मनात पक्के बसते, ही त्यांची धारणा होती.

७/
पॅपर्ट यांचा सर्वांत टिकाऊ विचार चुकीविषयीचा आहे. शाळेत चूक म्हणजे कापलेले गुण. प्रोग्रामिंगमध्ये चूक ही रोजची गोष्ट. ती कुठे झाली हे शोधणे हाच अभ्यास. कासवाने चौकोनाऐवजी भलतेच काही काढले, तर मूल स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाहते आणि कोन कुठे चुकला ते त्याला उमगते. मग शिक्षकाचे काम काय? उत्तर सांगण्याची घाई न करता मुलाबरोबर ती चूक शोधत बसणे. ‘माइंडस्टॉर्म्स’ हे त्यांचे १९८० चे पुस्तक याच विचाराभोवती उभे आहे.

८/
आता ब्रिटन. १९८२ च्या जानेवारीत बीबीसीने दूरचित्रवाणीवर संगणक-साक्षरतेची मालिका सुरू केली. तिच्या जोडीला केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनवलेला ‘बीबीसी मायक्रो’ हा छोटा संगणक बाजारात आला होता. सुरू करताच पडद्यावर बेसिक भाषा हजर होई. म्हणजे यंत्राचे पहिले आमंत्रणच प्रोग्राम लिहिण्याचे होते. सरकारी अनुदानामुळे तो देशातल्या बहुसंख्य शाळांत पोहोचला. शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रमही होता, पण यंत्रांचा वेग प्रशिक्षणाच्या वेगापेक्षा फार जास्त होता.

९/
हाच बीबीसी मायक्रो भारतात आला. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने शिक्षण मंत्रालयाच्या साथीने ‘क्लास’ हा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. ‘कम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स’ हे त्याचे पूर्ण नाव. देशभरातल्या सुमारे २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळा निवडण्यात आल्या. शिक्षकांना तयार करण्यासाठी विद्यापीठे व तंत्रशिक्षण संस्थांत संसाधन केंद्रे उघडण्यात आली. शालेय संगणक-शिक्षणाच्या भारतीय इतिहासाचे हे पहिले मोठे पान.

१०/
कागदावर रचना नेटकी होती. प्रत्यक्षात प्रत्येक शाळेतल्या मोजक्या शिक्षकांना अल्पकाळाचे प्रशिक्षण मिळाले. हे शिक्षक बहुधा गणित-विज्ञानाचे. त्यांच्या नेहमीच्या तासिका, पेपर तपासणी आणि इतर कामे तशीच राहिली. संगणकासोबत आलेले बरेच शैक्षणिक सॉफ्टवेअर ब्रिटनमध्ये तयार झालेले आणि इंग्रजीत होते. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की शाळेचे संगणक-ज्ञानही त्याच्याबरोबर गावाबाहेर जाई.

११/
मग मधली पोकळी कोणी भरली? खासगी क्लासने. एनआयआयटी १९८१ मध्ये आणि ॲप्टेक १९८६ मध्ये सुरू झाली. पुढच्या दशकात त्यांची केंद्रे शहरोशहरी निघाली. त्यांच्या सावलीत छोटे क्लासही उगवले. महाराष्ट्रातल्या कितीतरी टायपिंग इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत याच काळात संगणक आला. बाहेर चपला, आत वातानुकूलन यंत्राचा गारवा, एका संगणकापुढे दोन-तीन मुले आणि शिकवायला नुकताच डिप्लोमा झालेला विशीतला दादा किंवा ताई : नव्वदच्या दशकात संगणक शिकलेल्या अनेकांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

१२/
स्थानिक शिक्षकाची झेप किती मोठी असू शकते, याचे उदाहरण नागपुरात आहे. यशवंत कानेटकर यांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमधून अभियांत्रिकीची पदवी घेतली, आयआयटी कानपूरमध्ये एम.टेक. केले आणि नागपुरात प्रोग्रामिंगचे वर्ग चालवले. ‘सी’ भाषेवरचे त्यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक भारतातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी वाचले. वर्गात विद्यार्थी कुठे अडखळतो हे रोज पाहणाऱ्या माणसाची ती लेखणी आहे. छोटी उदाहरणे, एकेक पायरी आणि शेवटी भरपूर सराव ही त्या पुस्तकाची ठेवण शिकवणाऱ्याच्या अनुभवातून आलेली आहे.

१३/
२००१ मध्ये महाराष्ट्राने वेगळी वाट घेतली. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू केला. स्वतःच्या इमारती न बांधता गावोगावच्या चालकांच्या केंद्रांना मान्यता देण्यात आली. अभ्यासक्रम मराठीतही उपलब्ध होता. संगणकाची भीती घालवण्याचे मोठे काम त्यातून झाले. पण तो संगणक वापरायला शिकवणारा अभ्यासक्रम होता. प्रोग्राम रचणे ही त्याची भूमिका नव्हती. ‘मूल कॉम्प्युटर शिकले’ या वाक्याचा अर्थ मात्र अनेक घरांत तिथेच थांबला.

१४/
केरळने त्याच वर्षी ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प हाती घेतला आणि शिक्षकाच्या प्रश्नाला थेट हात घातला. बाहेरून संगणक-शिक्षक आणण्यापेक्षा शाळेतल्याच शिक्षकांतून ‘मास्टर ट्रेनर’ निवडायचे आणि त्यांनी इतर शिक्षकांना शिकवायचे, अशी ती साखळी होती. पुढे राज्याच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले. २०१८ च्या ‘लिट्ल काइट्स’ उपक्रमाने शाळाशाळांत विद्यार्थ्यांचे गट उभे केले. ‘क्लास’ प्रकल्पात जी कडी सुटली होती, ती इथे आधी जोडली गेली.

१५/
शिक्षक नसला तरी चालेल, असाही एक युक्तिवाद झाला. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगाता मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुले तो आपापसांत वापरायला शिकली. ‘होल इन द वॉल’ म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. पण मित्रा यांचाच पुढचा प्रयोग अधिक बोलका आहे. तमिळनाडूतल्या कलिकुप्पम गावात मुलांना जीवशास्त्राचा अवघड विषय संगणकावर देण्यात आला. मुले काही अंतर स्वतः गेली. नंतर त्यांच्या ओळखीची, विषयाचे ज्ञान नसलेली एक तरुणी सोबत आली. तिने फक्त कौतुकाने विचारपूस केली आणि मुलांची प्रगती आणखी वाढली. भिंतीतल्या संगणकालाही शेवटी माणसाची सोबत लागली.

१६/
ब्रिटनला हाच धडा उशिरा मिळाला. बीबीसी मायक्रोच्या पिढीनंतर तिथल्या शाळांत संगणकाचा तास म्हणजे पत्र टंकणे आणि तक्ते भरणे, एवढाच उरला. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने यावर कठोर अहवाल दिला. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या मुलापासून प्रोग्रामिंग अभ्यासक्रमात आले. शिक्षकांची तयारी पुन्हा मागे होती. म्हणून २०१८ मध्ये ८४ दशलक्ष पौंडांच्या निधीतून संगणक-शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र उभे करावे लागले. बीबीसीच्या मालिकेनंतर तब्बल ३६ वर्षांनी.

१७/
दरम्यान शेजारपाजारची माणसे पुढे झाली होती. २०११ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात ‘कोडरडोजो’ सुरू झाले, २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कोड क्लब’. नोकरी करणारे प्रोग्रामर आठवड्यातला थोडा वेळ मुलांना देऊ लागले, तेही विनामूल्य. साधन म्हणून एमआयटीची ‘स्क्रॅच’ ही भाषा २००७ पासून उपलब्ध होती. ती बनवणारे मिचेल रेझ्निक हे पॅपर्ट यांच्याच परंपरेतले. 

१८/
भारतात २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगचा समावेश सुचवला. त्याच वर्षी शाळा बंद होत्या आणि ऑनलाइन कोडिंग-वर्गांच्या जाहिराती घराघरांत पोहोचल्या. धोरण आले, यंत्र तर प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलमध्ये आले. तालुक्याच्या गावातल्या नववीतल्या मुलीला मात्र आजही तोच प्रश्न आहे : प्रोग्राम चालत नाही, तर कोणाला दाखवू?

१९/
साठ वर्षांच्या अनुभवातून पालकांनी काय घ्यावे? शिक्षकाची पदवी मोठी असणे आवश्यक नाही. स्टीव्ह रसेलकडे शिकवण्याचा परवाना नव्हता. तो मुलाला स्वतःचे काही बनवू देतो का, की पाठ केलेला प्रोग्राम उतरवून घेतो? चूक झाली की कळफलक स्वतःकडे ओढतो, की मुलाला शोधू देतो? मुलाच्या भाषेत समजावतो का? आणि मूल त्याच्या पुढे गेले, तर त्याला आनंद होतो का? असा माणूस डिप्लोमाच्या वर्गात, शाळेतल्या गणिताच्या बाईंमध्ये किंवा शहरात नोकरी करून सुट्टीला गावी येणाऱ्या शेजारच्या मुलीमध्येही सापडू शकतो.

२०/
शेवटची गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांसाठी. डार्टमथचे दस्तऐवज जतन झाले आहेत, बीबीसी मायक्रो संग्रहालयांत आहे, ‘क्लास’चे अहवाल सरकारदप्तरी आहेत. पण इचलकरंजी, अंबाजोगाई किंवा मालवणात पहिला संगणक-क्लास कोणी काढला, तिथे मुलींची संख्या किती होती, फी किती होती, हे कुठल्याच दप्तरात सहजी मिळत नाही. ती माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्या पावतीपुस्तकांना वाळवी लागण्याआधी त्यांच्याशी बोलायला हवे. तुमच्या गावात प्रोग्रामिंग प्रथम कोणी शिकवले? ठाऊक असेल तर वर्ष आणि ठिकाण खाली लिहा. ठाऊक नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा.

(समाप्त)