भिक्षेचे नियम : शास्त्राचे आणि शासनाचे

मठ आणि झोळी यांचे नाते फार जुने आहे. मठाची प्रतिष्ठा गुरुवचनावर उभी असते. पण मठाचा रोजचा संसार भक्तांनी घातलेल्या मूठभर धान्यावरच चालत आलेला आहे. म्हणून वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी प्रस्तुत लेखात मागण्याच्या नियमांचा विचार करण्याचे योजिले आहे. कोणी मागावे, कोठे मागावे, किती घ्यावे आणि घेतलेल्याचा विनियोग कसा करावा, हे प्रश्न आपल्या समाजाने वेळोवेळी सोडविले. कधी स्मृतींच्या आधारे, कधी दुष्काळातील नियमांनी, तर कधी विधिमंडळाच्या कायद्यांनी. आपल्या किरनापुरच्या परिसरात तर बाघ नदी ओलांडली की राज्य बदलते आणि राज्याबरोबर कायदाही बदलतो. तेव्हा भाविक वाचकांनी हा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम शास्त्र पाहू. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याला रोज भिक्षा मागण्याची आज्ञा आहे. पण एकाच घरचे अन्न नित्य खाऊ नये, आणि इतर घरे मिळत असता गुरूच्या कुळात व स्वतःच्या नातलगांकडे मागू नये, असे बंधनही आहे. संन्याशाने दिवसातून एकदाच भिक्षेला निघावे. तेही गृहस्थाच्या चुलीचा धूर निमाल्यावर, मुसळाचा आवाज थांबल्यावर आणि घरची माणसे जेवून उठल्यावर. यातील हेतू उघड आहे. कोणाच्या तोंडचा घास आपल्या झोळीत येऊ नये. यतिधर्माच्या ग्रंथांत भिक्षेचे पाच प्रकार सांगितले आहेत : माधुकर, प्राक्प्रणीत, अयाचित, तात्कालिक आणि उपपन्न. त्यांपैकी माधुकर म्हणजेच आपली माधुकरी. भ्रमर जसा फुलाला न दुखविता थोडा थोडा मध घेतो, तसे अनेक घरी थोडे थोडे घ्यावे, हा तिचा अर्थ होय.

राजनीतीचा लेखक कौटिल्य याहून कठोर आहे. बायकामुलांच्या निर्वाहाची सोय न करता जो प्रव्रज्या घेतो, त्याला त्याने दंड सांगितला आहे. समर्थांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षानिरूपणासाठी स्वतंत्र समास योजिला. भिक्षेच्या निमित्ताने गावोगाव फिरावे, लोक पारखावेत, पण कोणी पुष्कळ देऊ केले तरी अल्पच घ्यावे, असा त्याचा आशय आहे. या सर्व नियमांचा रोख एका गोष्टीवर आहे : घेणाऱ्याचा लोभ. मागणारा आपली मर्यादा स्वतः राखतो आणि देणारा त्याच्या आचरणावरून त्याला ओळखतो, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेत केवळ यती आणि विद्यार्थीच नव्हते. पहाटे येणारा वासुदेव, जागरण घालणारा गोंधळी, पंचांग सांगणारा जोशी, नंदीबैलवाला, बहुरूपी, नाथजोगी हे सर्व गावाच्या दारी येत. रसेल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्याकडच्या बसदेवांचाही परिचय आहे. यांची भिक्षा ही एका अर्थी गाण्याची, भविष्याची वा करमणुकीची बिदागीच होती. अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात या फिरस्त्यांचा भार कुणब्याच्या खळ्यावर कसा पडतो, हे परखडपणे मांडले. देणाऱ्यालाही काही बाजू असते, हे विसरून चालणार नाही.

गावाच्या या व्यवहारात सरकारचा हात प्रथम मोठ्या प्रमाणावर शिरला तो दुष्काळात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळला. बालाघाट जिल्ह्यालाही त्याची मोठी झळ लागली. घरोघरची कोठारेच रिकामी झाल्यावर दारी येणाऱ्यास काय घालणार? दुष्काळी नियमांनुसार सशक्तांना खडी फोडणे, माती वाहणे अशा कामांवर पाठवीत; अशक्तांना गावच्या याद्या करून फुकट मदत देत; आणि भटकणाऱ्या निराधारांना अन्नछत्रवजा आश्रयगृहांत नेत. या योजनांनी अनेक जीव वाचले, हे खरेच. पण त्याबरोबर एक नवी दृष्टीही आली. रस्त्यावरचा भुकेला हा आता दारचा अतिथी राहिला नाही. तो सरकारने छाननी करून कोठेतरी ठेवावयाचा माणूस ठरला. बंगालमध्ये १९४३ साली, ऐन महादुष्काळात, भटक्या निराधारांना धरून ठेवण्याचा कायदा झाला, तो याच दृष्टीचा पुढचा टप्पा म्हणावा लागेल.

मुंबई इलाख्यात भिकाऱ्यांविषयीचा कायदा १९४५ साली झाला आणि त्याच्या जागी १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम आला. त्यातील व्याख्या लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे वा घेणे, मग ते गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ किंवा वस्तुविक्री यांच्या निमित्ताने का असेना, ही भिक्षावृत्ती होय. म्हणजे वासुदेव, जोशी आणि बहुरूपी हे सर्व एकाच वाक्यात गोळा झाले. उपजीविकेचे दृश्य साधन नसता सार्वजनिक जागी भटकणेही त्यात आले. पोलिसांना अशा माणसाला अधिपत्रावाचून पकडता येते, आणि दोष सिद्ध झाल्यास एक ते तीन वर्षे त्याला संस्थेत स्थानबद्ध करता येते. वारंवार सापडणाऱ्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

तथापि याच कायद्यात दोन अपवाद आहेत, आणि ते मठाच्या भक्तांनी विशेष ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, खाजगी घरी भिक्षेसाठी आलेल्या माणसाला घरमालकाच्या तक्रारीवाचून पकडता येत नाही. रस्ता पोलिसांचा झाला, पण उंबरठा गृहस्थाचाच राहिला. दुसरा असा की, कायद्याने अथवा विहित रीतीने अधिकृत केलेल्या कार्यासाठी पैसा, अन्न वा देणगी मागणे ही भिक्षावृत्ती नव्हे.

आता सीमेकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-भंडाऱ्यासह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे पलीकडच्या आजच्या गोंदिया जिल्ह्याचा संबंध १९५९ च्या अधिनियमाशी आला, तर अलीकडे पुढे १९७३ चा मध्य प्रदेश भिक्षावृत्ती निवारण अधिनियम झाला. सार्वजनिक न्यासांचे मात्र उलट घडले. नागपूर राजधानी असतानाच्या जुन्या मध्य प्रदेशाने १९५१ साली जो सार्वजनिक न्यास अधिनियम केला, तोच बालाघाटकडे चालत राहिला. त्यात जिल्हाधिकारी हाच न्यासांचा निबंधक असतो, आणि नोंदलेल्या न्यासाने हिशेब ठेवून तो तपासून घ्यावा लागतो. पलीकडे हे काम धर्मादाय आयुक्ताकडे आहे.

या दोन प्रकारच्या कायद्यांची सांगड घातली की एक अवघड प्रश्न उभा राहतो. एकाच यात्रेत, एकाच वाटेवर दोघे उभे आहेत. एकाजवळ पावतीपुस्तक आहे, दुसऱ्याजवळ फक्त रिकामे ताट. दोघेही एकच रुपया मागतात. पहिल्याला कायदा संरक्षण देतो, दुसऱ्याला तो पकडू शकतो. पहिला आपला असतो. तो मठासाठी मागतो. म्हणून हा प्रश्न परक्याचा नाही, आपलाच आहे.

अधिकृत मागण्याची महाराष्ट्राची परंपरा थोर आहे, यात शंका नाही. लोकांच्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना काढला. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने १९०९ पासून माधुकरीच्या आधाराने गरीब मुलांना शिकविले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला मुष्टिफंडाने हात दिला. गाडगे महाराजांनी लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःसाठी काही ठेवले नाही. संस्कृत पाठशाळेत शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला आणखी एका नियमाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. बेळगाव-कारवारकडच्या मराठी वस्तीलाही लागू असलेल्या कर्नाटकाच्या १९७५ च्या भिक्षाबंदी कायद्याने, अध्ययनासाठी भिक्षा मागणाऱ्या विद्यार्थ्याला स्पष्टपणे वगळले आहे. परवानाधारक धार्मिक भिक्षुकाला आणि उपद्रव न देता व्रतासाठी मागणाऱ्यालाही त्यात मोकळीक आहे. स्मृतीतील ब्रह्मचारी आधुनिक कायद्यात असा ओळखला गेला, ही समाधानाची गोष्ट होय.

पण केवळ निराधार असलेल्याचे काय? ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, दिल्लीत लागू केलेल्या मुंबई अधिनियमातील भिक्षेला गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य ठरविली. सक्तीने भीक मागविणाऱ्या टोळ्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्याची वाट मात्र मोकळी ठेवली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षण आणि रोजगार यांच्या अभावी माणूस भीक मागतो, असे म्हणून सरसकट बंदीचा आदेश देण्याचे नाकारले. आपल्या राज्यात मात्र २०२५ च्या आरंभी इंदूर आणि भोपाळ येथे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांनी भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदविण्याची तरतूद झाली. कायद्याच्या बाहेर संशयाचे राज्य तर याहून भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ज्या झोळीला पिढ्यान्‌पिढ्या दार उघडत होते, तीच झोळी त्यांच्या मृत्यूला कारण झाली.

तात्पर्य, शास्त्राने मागणाऱ्याचा लोभ आवरला. शासनाने पुष्कळदा मागणाऱ्यालाच दृष्टीआड केले. लहान मुलांना भिकेला लावणाऱ्याला दंड हवा, यात दुमत नाही. परंतु भुकेल्याचे मागणे आणि ठकाचे मागणे एकाच तराजूत घालता येणार नाही. आपण भक्तांनी दोन्हींचा भेद आपल्या आचरणाने दाखवावा. मठाच्या नावाने मागणाऱ्याने मठाचे पत्र जवळ बाळगावे, दिलेल्या पैचीही पावती द्यावी आणि हिशेब कोणालाही पाहू द्यावा. कोणी भीड घालून, शापाचे भय दाखवून मठासाठी मागत असेल, तर त्याला देऊ नये आणि मठाला कळवावे. आणि पंगतीच्या वेळी जो रिकामे ताट घेऊन दाराशी येईल, त्याला पावतीपुस्तक नाही म्हणून परत पाठवू नये. रस्त्याविषयीचा निर्णय सरकार करील. उंबरठ्याचा अधिकार कायद्यानेही गृहस्थाकडे ठेवला आहे, आणि मठ हा तर अनेक गृहस्थांचा मिळून झालेला एक उंबरठा आहे.