दहशतवादविरोधी आंतरराष्ट्रीय सहकार्य

दहशतवादी कृत्यांचा तपास, पुराव्यांची देवघेव, आरोपींचे प्रत्यार्पण आणि पैशाच्या वाटा रोखणे यांसाठी सरकारांनी परस्परांना केलेले साहाय्य. त्याचे एक रूप पिंपरी-चिंचवडच्या शेजारीच पाहायला मिळाले : औंधच्या लष्करी तळावर सप्टेंबर २०१८ मध्ये बंगालच्या उपसागराभोवतीच्या बिमस्टेक देशांचा दहशतवादविरोधी संयुक्त सराव झाला. नेपाळने ऐनवेळी तुकडी पाठवली नाही. सरावांना मोल आहेच. पण सहकार्याची कसोटी लागते ती न्यायालयात. दहशतवादाची व्याख्या ठरल्याशिवाय सहकार्य अशक्य, असे म्हटले जाते. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेला सर्वंकष करार त्याच वादात अडकला आहे. मात्र खून आणि कट हे दोन्ही देशांच्या कायद्यांत गुन्हे असले, की प्रत्यार्पण करार त्या व्याख्येवाचून चालतो. महाराष्ट्राचा अनुभव याला पुष्टी देतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. जिवंत पकडलेला हल्लेखोर अजमल कसाब याच्या खटल्यात अमेरिकेच्या एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी साक्ष दिली. जून २०१२ मध्ये सौदी अरेबियाने या हल्ल्यातील आरोपी, मूळचा बीड जिल्ह्यातील जबिउद्दीन अन्सारी याला भारतात पाठवले. त्याच्याजवळ पाकिस्तानी पासपोर्ट होता. हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली मात्र भारताला मिळाला नाही. अमेरिकेशी झालेल्या कबुली-करारात त्याने प्रत्यार्पणातून सूट मिळवली. हा सौदा मुंबईतल्या मृतांच्या नातेवाइकांना जाचणे स्वाभाविकच आहे. तरीही त्याच करारामुळे फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने व्हिडिओद्वारे मुंबईच्या न्यायालयात जबानी दिली आणि हल्ला घडवणाऱ्या, पाकिस्तानातील लष्कर-ए-तैयबाचे काम आतून कसे चालते हे नोंदीवर आले. हेडलीचा साथीदार तहव्वूर राणा याला अमेरिकी ज्यूरीने मुंबई कटाच्या आरोपातून सोडले होते. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हा त्याचा बचाव तेथील न्यायालयांनी फेटाळला आणि १९९७ च्या द्विपक्षीय करारानुसार १० एप्रिल २०२५ रोजी तो दिल्लीत आणला गेला. राणाच्या प्रत्यार्पणाला झालेल्या विलंबाला सहकार्याचे अपयश म्हणणे योग्य नाही. ज्या प्रत्यार्पणाला न्यायालयाची तपासणी नाही, ते पुढे आपल्याच खटल्यात दुबळे ठरू शकते.

सर्वांत जड आक्षेप उरतो तो सहकार्याची इच्छाच नसलेल्या सरकारबद्दलचा. तिथे करार थिटे पडतात, आर्थिक दाब थोडा चालतो. दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने पाकिस्तानला २०१८ ते २०२२ करड्या यादीत ठेवले. त्या काळात, २०२० मध्ये, लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईद याला तेथील न्यायालयाने शिक्षा दिली, ती दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. मुंबईतील १६६ मृत्यूंबद्दल पाकिस्तानात अद्याप कोणालाही शिक्षा झालेली नाही.