असमान पाळ्या आणि अतिकालिक वेतन : आयर्लंडमधील हिशेब

महाराष्ट्रातील कारखान्यांत नोकरी केलेल्यांच्या मनात एक नियम पक्का रुजलेला असतो : दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपलीकडे काम झाले, की दुप्पट दराने पैसे. भारताच्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ ने हा दंडक घालून दिला. आयर्लंडमध्ये मात्र तसा सर्वसाधारण कायदा नाही. बांधकामासारख्या काही क्षेत्रांत वेतन-आदेशांनी दर ठरवून दिलेले आहेत; एरवी जादा कामासाठी वाढीव दर मिळेल की नाही, हे नोकरीचा करार किंवा कामगार संघटनेशी झालेला समझोता ठरवतो. त्यामुळे हिशेबाची सुरुवात घड्याळापासून नव्हे, करारापासून करावी लागते.

करारात चार गोष्टी पाहाव्यात : नियमित तास किती, त्यांची मोजणी दर आठवड्याला की पाळ्यांच्या संपूर्ण चक्रावर, जादा कामाचा दर कोणता आणि विश्रांतीचा वेळ पगारी आहे की नाही. पाळ्या असमान असतात तेव्हा दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

उदाहरणादाखल, एका कामगाराला पहिल्या आठवड्यात १२ तासांच्या ४ आणि दुसऱ्या आठवड्यात ३ पाळ्या आहेत. म्हणजे ४८ आणि ३६, एकूण ८४ तास. करारातील आठवडा ३९ तासांचा, दर ताशी १६ युरो, जादा कामाला दीडपट म्हणजे २४ युरो आणि विश्रांती पगारी आहे असे धरू.

आठवडावार मोजणी केल्यास पहिल्या आठवड्यात ९ तास जादा ठरतात. त्या आठवड्याचे ६२४ अधिक २१६, म्हणजे ८४० युरो, दुसऱ्याचे ५७६, एकूण १,४१६ युरो. दोन आठवड्यांची एकत्र मोजणी केल्यास नियमित तास ७८ आणि जादा तास ६ च उरतात. तेव्हा १,२४८ अधिक १४४, एकूण १,३९२ युरो होतात. फरक २४ युरोंचा. वर्षातील २६ चक्रांत तो ६२४ युरोंवर जातो. काम तेच, तास तेच. बदलते ती केवळ करारातील एक ओळ.

विश्रांतीचेही तसेच. साडेचार तासांनंतर १५ मिनिटे आणि सहा तासांनंतर एकूण ३० मिनिटे विश्रांती देणे कायद्याने बंधनकारक आहे. तिचे पैसे देणे बंधनकारक नाही. वरील उदाहरणात प्रत्येक पाळीतील अर्धा तास बिनपगारी धरला, तर आठवडावार मोजणीत ९ जादा तासांचे ७ होतात.

१९९७ च्या कामाच्या वेळेविषयीच्या कायद्यातील ४८ तासांची मर्यादाही नीट समजून घ्यावी. ती सरासरीची मर्यादा असून सर्वसाधारणपणे ४ महिन्यांवर मोजली जाते. त्यामुळे एखादा आठवडा ६० तासांचा झाला, एवढ्यावरून नियमभंग सिद्ध होत नाही. दोन कामाच्या दिवसांमध्ये मात्र सलग ११ तासांची विश्रांती मिळायला हवी. रविवारच्या कामाचा विचार मूळ वेतनात केलेला नसेल, तर वाजवी भत्ता, वाढीव दर किंवा पगारी रजा यांपैकी काहीतरी मिळण्याचा हक्क आहे.

किमान वेतनाबाबत एक गफलत वारंवार होते. २०२५ मध्ये ते ताशी १३.५० युरो होते. मूळ दर त्याहून कमी ठेवून जादा कामाच्या वाढीव रकमेने ती तूट भरून काढता येत नाही. ही वाढीव रक्कम किमान वेतनाच्या हिशेबात धरली जात नाही. पाळीभत्ता मात्र धरला जातो.

पगारपत्रक आणि पाळ्यांचे वेळापत्रक शेजारी ठेवून प्रत्येक चक्राचा हिशेब स्वतः मांडावा आणि तासांची नोंद रोजच्या रोज ठेवावी. करारानुसार देय रक्कम कमी आली, तर प्रथम व्यवस्थापनाकडे लेखी विचारणा करावी. दाद न लागल्यास वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे तक्रार करता येते. तिची मुदत सहा महिन्यांची आहे. सबळ कारण असल्यास ती बारा महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. व्यवस्थापनाशी बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत आपोआप थांबत नाही.