वेड्यांच्या इस्पितळांची उत्कीर्णचित्रे

वेड्यांच्या इस्पितळांची उत्कीर्णचित्रे : मनोरुग्णांना कोंडून ठेवणाऱ्या जुन्या संस्थांची, तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून किंवा अम्लाने खोदून काढलेली चित्रे. कोरलेल्या रेषांत शाई भरून त्यांचे ठसे कागदावर घेत. एकाच पत्र्यावरून अनेक प्रती निघत असल्यामुळे ही चित्रे छायाचित्रणापूर्वीच्या काळात सामान्य लोकांपर्यंत पोहोचली आणि भिंतींआडचे जीवन प्रथमच सार्वजनिक चर्चेचा विषय झाले. इतिहासाचे साधन म्हणून ती मोलाची आहेत. तथापि कोणत्या हेतूने ती काढली गेली, हे ध्यानात घेऊनच त्यांचा उपयोग करावा लागतो.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध चित्रे लंडनच्या बेथलेम इस्पितळाची आहेत. १२४७ मध्ये मठ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेत पुढे मनोरुग्णांना ठेवण्यात येऊ लागले. १६७६ मध्ये ती रॉबर्ट हुक याने मुअरफील्ड्‌स येथे बांधलेल्या भव्य इमारतीत गेली. तिच्या नावाच्या अपभ्रंशापासून ‘बेडलम’ हा गोंधळवाचक शब्द इंग्रजीत रूढ झाला. वेड्यांना पाहण्यासाठी तेथे हौशी प्रेक्षक जात असत. १७७० मध्ये या प्रथेवर निर्बंध घालण्यात आले.

विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याने १७३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठ चित्रांच्या मालिकेतील अखेरचे दृश्य याच इस्पितळातील आहे. बापाची संपत्ती उधळून बसलेला तरुण टॉम रेकवेल अर्धनग्नावस्थेत जमिनीवर पडलेला असून त्याच्या पायांत बेड्या आहेत. त्याने पूर्वी फसविलेली स्त्री त्याच्याजवळ बसून रडत आहे. सभोवती स्वतःस राजा समजणारा, धर्मवेडा, भिंतीवर आकृत्या काढणारा असे रुग्ण आहेत. त्यांच्यामध्ये उंची वस्त्रे ल्यालेल्या दोन स्त्रिया करमणुकीसाठी आलेल्या दिसतात. वेड हे दुराचाराचे फळ, असा बोध मालिकेत आहे. परंतु या प्रेक्षक स्त्रियांमुळे चित्राचा रोख रुग्णांइतकाच पाहणाऱ्या समाजाकडेही वळतो.

होगार्थचे चित्र कल्पित कथेतील होते. जेम्स नॉरिस या अमेरिकन खलाशाचे चित्र मात्र प्रत्यक्ष पाहणीतून निघाले. १८१४ मध्ये एडवर्ड वेकफील्ड व त्याचे सहकारी बेथलेममध्ये गेले, तेव्हा नॉरिस एका उभ्या लोखंडी दांड्याला जखडलेला आढळला. गळ्यातील कड्याची साखळी त्या दांड्यावर वरखाली सरकत असे व खांद्यांभोवती, कमरेभोवती लोखंडी पट्टे होते. या अवस्थेत त्याने अनेक वर्षे काढली होती. जॉर्ज आर्नल्ड याने प्रत्यक्ष पाहून काढलेल्या रेखाटनावरून हे चित्र कोरण्यात आले व त्याच्या प्रती सर्वत्र पसरल्या. १८१५ मध्ये संसदेच्या समितीने वेडगृहांची चौकशी केली, तिच्यामागे या चित्राने जागविलेले लोकमतही होते. विशेष म्हणजे प्रसृत झालेल्या चित्रावर नॉरिसचे नाव ‘विल्यम’ असे चुकीचे छापले गेले. ज्याच्या यातनांनी कायदे बदलण्यास चालना मिळाली, त्याचे नावही नीट नोंदविले गेले नाही.

फ्रान्समध्ये झां एस्कीरोल (१७७२–१८४०) याने १८३८ च्या आपल्या ग्रंथात मनोरुग्णांची उत्कीर्णचित्रे घातली. तेथे रुग्ण हा तमाशाचा वा दयेचा विषय न राहता वैद्यकीय निरीक्षणाचा विषय झाला.

मुंबई इलाख्यातील अशा संस्थांचे चित्र मुख्यतः सरकारी अहवाल व नोंदवह्या यांमधून उभे राहते. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलाबा येथे वेड्यांचे इस्पितळ होते. तेथे यूरोपीय व भारतीय अशा दोन्ही वर्गांचे रुग्ण असत; मात्र यूरोपीय रुग्णांपैकी अनेकांना पुढे इंग्लंडला परत पाठवीत. १८५८ च्या कायद्याने अशा संस्थांची रीतसर व्यवस्था लावण्यात आली. नागपूर (१८६४) व रत्नागिरी (१८८६) येथेही इस्पितळे निघाली. कुलाब्याची जागा अपुरी पडत असल्याची तक्रार दीर्घकाळ चालू होती. १९०१ मध्ये ठाण्यानजीक नौपाडा येथे विस्तीर्ण आवारात नवे इस्पितळ सुरू झाले व त्यास नरोत्तमदास माधवदास यांचे नाव देण्यात आले. हेच आजचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय होय. खाडीपलीकडील बेलापूर पट्टीत १९७० नंतर नवी मुंबई हे शहर वसविण्यात आले. त्या भागासही हे रुग्णालय जवळचे आहे.

नोंदवह्यांतील चित्रही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. रुग्णास दाखल करताना वेडाचे कारण लिहावे लागे. रस्त्यावर सापडलेल्या निराधार माणसाची पूर्वपीठिका पोलिसांस ठाऊक नसे; अशा वेळी ‘गांजा’ हे कारण सहज लिहिले जाई व तेच पुढे इस्पितळाच्या तक्त्यांत उतरे. १८९३-९४ मध्ये भांग, गांजा इत्यादींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळशा विश्वसनीय नसल्याचे आढळून आले. अशा रीतीने कोरीव चित्राप्रमाणेच तक्त्यातही लिहिणाऱ्याचा पूर्वग्रह उमटलेला असतो.

१९१२ च्या कायद्यानंतर, १९२० च्या सुमारास ‘वेड्यांचे इस्पितळ’ या नावाऐवजी ‘मनोरुग्णालय’ हे नाव रूढ होऊ लागले. भोर समितीने १९४६ मध्ये मनोरुग्णांसाठी असलेल्या सोयी अत्यंत अपुऱ्या असल्याचे दाखवून दिले. नाव बदलले, तरी साखळी लगेच सुटली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी निवासात आग लागून २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने स्पष्ट मनाई केली. नॉरिसच्या चित्राने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जो प्रश्न लोकांपुढे ठेवला, त्याला भारतीय कायद्यात निःसंदिग्ध उत्तर मिळण्यास इतका काळ जावा लागला.