कोळशाच्या ट्रकवर संगणकाची नजर

ऊर्जानगर : चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या या वसाहतीजवळच दुर्गापूर आणि पद्मापूर येथे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या खाणी आहेत. २,९२० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्राची भूक मोठी, आणि वाटेत होणारी कोळशाची चोरी व भेसळ हे कोळसापट्ट्याचे जुने दुखणे. त्यामुळे कोल इंडियाच्या कंपन्यांनी खाणीतील वाहनांवर जीपीएस यंत्रे बसविण्यास प्रारंभ केला.

हे यंत्र म्हणजे एकच काम नेमून दिलेला छोटा संगणक होय. तळहाताएवढ्या डब्यात सूक्ष्मनियंत्रक, उपग्रहांचे संदेश टिपणारा ग्राहक, सिमकार्ड असलेला मोडेम आणि लहानशी बॅटरी असते. वाहनाचे स्थान, वेग, दिशा आणि इंजिन सुरू आहे की बंद, याची नोंद ठरावीक अंतराने नियंत्रण कक्षाकडे जाते. नकाशावर आखलेली हद्द ट्रकने ओलांडली किंवा यंत्राची वायर कोणी काढली, तर तत्काळ इशारा मिळतो.

प्रवासी वाहनांसाठी याचे मानक ‘एआयएस-१४०’ या नावाने ओळखले जाते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असे यंत्र व आपत्कालीन बटण सक्तीचे झाले. रिक्षांना त्यातून वगळण्यात आले. वाहनाचा वीजपुरवठा तोडला तरी यंत्र चार तास चालले पाहिजे, अशी अट या मानकात आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र खरी अडचण मोबाइलच्या रेंजची आहे. उपग्रहाचा संदेश तेथेही मिळतो, पण तो पुढे पाठवायला मनोरा नसतो. म्हणून चांगले यंत्र नोंदी स्वतःच्या स्मृतीत साठवते आणि रेंज येताच वेळेसह पाठवून देते. कोळशाचा हिशेब त्यामुळे उशिरा का होईना, जुळतो. पण आडरानात बंद पडलेल्या बसमधील प्रवाशाला ही उशिराची नोंद काय कामाची?

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ट्रक कोठे आणि किती वेळ थांबला, हे यंत्र सांगते. त्यात चांगला कोळसा आहे की दगडमाती, हे सांगत नाही. त्यासाठी खाणीच्या फाटकावर ट्रकची ओळख पटविणारे आरएफआयडी टॅग, दोन्ही टोकांना वजनकाटे आणि कोळशाच्या नमुन्यांची तपासणी लागते. वजन तेच ठेवून दगड भरले, तर काटाही फसतो. शिवाय वाटेत अर्धा तास थांबलेला ट्रक पडद्यावर दिसला, तरी चालक जेवत होता की माल उतरवत होता, याची चौकशी माणसालाच करावी लागते.