एडेसाचा राजा आणि कल्याणचा बिशप

आद्य ख्रिस्ती इतिहासात एडेसाच्या अबगर राजाइतका भाग्यवान राजा विरळा. रोम आणि पार्थिया या साम्राज्यांच्या सीमेवरचे हे लहानसे राज्य, लोकभाषा सिरियाक. ते नगर आज उर्फा या नावाने तुर्कस्तानात आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी युसेबियस या इतिहासकाराने लिहून ठेवले की, व्याधिग्रस्त अबगराने येशूस पत्र धाडले, येशूने उत्तर दिले आणि पुढे थॅडियस नामक शिष्याने राजास बरे केले. ही पत्रे एडेसाच्या दप्तरातून घेतली, असेही तो सांगतो.

दप्तराचा हवाला मिळाला की आम्हां कारकुनांची मान आपोआप डोलते! परंतु दप्तरातला प्रत्येक कागद खरा असतोच असे नाही. बहुतेक अभ्यासक ती पत्रे बनावट मानतात. इ. स. २०१ च्या महापुरात तेथील ख्रिस्ती मंदिराची हानी झाली, अशी नोंद नगराच्या बखरीत आहे. म्हणजे दुसऱ्या शतकाअखेर तेथे धर्म रुजला होता. पुढच्या पिढ्यांनी त्याचे मूळ येशूच्या समकालीन राजापर्यंत मागे नेले.

तिसऱ्या शतकात बहुधा एडेसातच रचलेल्या ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात भारताचा राजा गुदनफर येतो. वाड्यासाठी त्याने दिलेले द्रव्य थॉमसने गरिबांस वाटले व वाडा स्वर्गात बांधला, अशी ती कथा. एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे गोंडोफेरसची नाणी सापडली, तेव्हा कथेतला राजा खरा निघाला. पण नाण्यांनी राजा सिद्ध झाला, त्याचे धर्मांतर नव्हे.

आता आपल्या कल्याणकडे वळू. सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस सांगतो की, ‘कल्लियाना’ येथे बिशप असून त्याची नेमणूक इराणातून होते. हे स्थळ म्हणजे ठाण्याजवळचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. इराणातील त्या धर्मसंघाची उपासनेची भाषा सिरियाकच होती. महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला, हा आपला समज ही नोंद सुमारे हजार वर्षे मागे सारते.

तीत राजा नाही, चमत्कार नाही, पत्रव्यवहार नाही. आहे ती केवळ परमुलखातली एक नेमणूक. राजाश्रयाच्या कथा समाज स्वतःच्या गौरवासाठी रचतो. नेमणुकीची कोरडी नोंद रचण्यात कोणाचे हित असणार? म्हणूनच अबगराच्या पत्रांहून कल्याणच्या त्या अनामिक बिशपावर माझा विश्वास अधिक बसतो.

(चिनहट, लखनौ)