वायफायच्या नावातल्या '%' ने आयफोन कसा अडकला? जाणून घ्या पर्सेंट फॉरमॅटिंग म्हणजे काय

जून २०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने आपल्या वायफायला विचित्र नाव दिलं: '%पी%एस%एस%एस%एस%एन'. (मूळ नावात ही अक्षरं रोमन लिपीतली होती.) आयफोन त्या नेटवर्कला जोडला आणि फोनचं वायफायच बंद पडलं. फोन रीस्टार्ट करूनही उपयोग झाला नाही. शेवटी नेटवर्क सेटिंग्ज रीसेट कराव्या लागल्या. नावात असं होतं तरी काय?

प्रोग्रामरसाठी '%' म्हणजे टक्केच असं नाही. १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये तयार झालेल्या 'सी' भाषेतल्या 'प्रिंटएफ' या फंक्शनमध्ये ते रिकाम्या जागेची खूण असतं. 'नमस्कार %एस, तुमचं बिल %डी रुपये' हा साचा घ्या. छापील फॉर्ममधल्या मोकळ्या जागेसारखंच हे. '%एस' च्या जागी मजकूर येतो, '%डी' च्या जागी पूर्णांक. दशांश संख्येसाठी '%एफ' असतं. '%.२एफ' लिहिलं की ४९.५ चे ४९.५० होतात.

पण साचा एकीकडे आणि त्यात भरायची माहिती दुसरीकडे, हे पाळावंच लागतं. आयफोनमध्ये इथेच गडबड झाली. लॉगमध्ये नोंद करताना वायफायचं नाव माहिती म्हणून न देता साच्यातच मिसळलं गेलं. फोनने त्यातल्या प्रत्येक '%एस' ला सूचना मानलं आणि भरायला काहीच दिलेलं नसल्याने मेमरीत जे हाती लागेल ते मजकूर समजून वाचू लागला. '%एन' तर त्याहून खोडकर: आतापर्यंत किती अक्षरं छापली, तो आकडा ते थेट मेमरीत लिहितं. म्हणूनच हॅकर्सना अशा चुका आवडतात. जुलै २०२१ मध्ये आयओएस १४.७ अपडेटमध्ये ॲपलने ही त्रुटी दूर केली.

पायथॉनमध्येही '%' ची पद्धत आहे. साचा, मग '%' आणि मग माहिती, असा क्रम. पायथॉन मात्र सावध आहे. माहिती कमी पडली तर मेमरी चाचपडत न बसता सरळ एरर देतो. नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे साच्यात '५०% सूट' लिहिणं. पायथॉन त्यालाही रिकामी जागा समजतो. खरंच टक्के हवे असतील तर '%%' असं दोनदा लिहावं लागतं.

२०१६ मध्ये पायथॉन ३.६ सोबत 'एफ-स्ट्रिंग' आली. त्यात महिरपी कंसात थेट व्हेरिएबलचं नाव लिहिता येतं आणि वाचायलाही ते सोपं जातं. नवं शिकणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात केलेली बरी. तरी '%' ची ओळख हवीच, कारण पायथॉनच्या लॉगिंग मॉड्यूलमध्ये आजही मूळ पद्धत तीच आहे.